चिप कधी येणार?

मागच्या रविवारी मामेबहीण घरी आली होती. एमएस्सी संपत आलंय, आता पीएचडी करायचीय. विषय काय, तर ग्राफिनमधले इलेक्ट्रॉन आणि अणूंच्या जाळीची कंपनं. मी लगेच विचारलं, "बरं, पण त्याची चिप कधी येणार?" ती नुसती हसली आणि एक पेपर हातात ठेवून गेली. तो वाचल्यापासून स्वतःच्या प्रश्नाची जरा लाजच वाटतेय.

त्याचं असं आहे. १९२७ साली बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी मोठी सोय करून ठेवली. कार्बनचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे २२,००० पट जड. तो सावकाश डुलणार आणि चपळ इलेक्ट्रॉन तत्क्षणी जुळवून घेणार. म्हणून दोघांची गणितं वेगवेगळी सोडवा! आपण नाही का, डेटाबेस कायम झटकन उत्तर देणार असं धरून कोड लिहितो, तसंच. बहुतेक वेळा चालतंही.

ग्राफिनमध्ये मात्र नाही चाललं. तिथलं एक कंपन सेकंदाला सुमारे ४७ लाख कोटी वेळा होतं. तेवढ्यात इलेक्ट्रॉनांना नव्या स्थितीत स्थिरावायला वेळच मिळत नाही, ते मागे पडतात. २००७ साली गेटला व्होल्टेज देऊन ग्राफिनमधले इलेक्ट्रॉन कमीजास्त केले, तर रामन वर्णपटातली 'जी' रेषा वर सरकली. जुन्या गृहीतकानुसार ती अशी सरकायलाच नको होती. ऐंशी वर्षांचं गृहीतक, आणि अडलं कुठे? चिकटपट्टीनं सोलून काढलेल्या एका अणूच्या जाडीच्या कार्बनवर! पुढे २००८ मध्ये बंगळूरच्या आयआयएससीत अजय सूद आणि सहकाऱ्यांनी हेच बरंच पुढे नेलं. (रामन परिणाम १९२८ चा, कोलकात्याचा. उगाच आपलं बरं वाटतं.) आज ग्राफिनमध्ये जादा इलेक्ट्रॉन किती आलेत, हे या रेषेवरून ओळखतात.

आणि चिप? नुसत्या ग्राफिनला बँड गॅपच नाही, म्हणजे स्विच नीट बंदच होत नाही. हे तज्ज्ञांना पहिल्यापासून माहीत होतं. २०१० च्या नोबेलनंतर "सिलिकॉन संपलं" असं ओरडत सुटलो ते आपण. माझं मत विचाराल तर या विषयाचा पैसा वसूल झालाय, फक्त आपण तो भलत्याच खात्यात शोधत बसलो.

मामा अजून "नोकरी कुठे लागणार?" इथेच अडकलाय. येत्या रविवारी त्याच्याकडे जेवायला जातोय. बघू, जी रेषा पुरणपोळीआधी काढावी की नंतर...