कोतलाचा दोर कोणाच्या हाती?

गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. मराठी फौजेची मदार लांब दौडीवर असे. रिकाम्या, दोर धरून नेल्या जाणाऱ्या घोड्यास आपल्या भाषेत ‘कोतल’ असा स्वतंत्र शब्दच आहे. आषाढी वारीतही अंकलीहून येणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो. दुसरा माउलींचा म्हणून रिकामाच चालतो.

आज मुलांना लांब पल्ल्याच्या दौडीस नेण्याची हौस वाढत असेल, तर तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या क्रीडाप्रकारात टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी व चाल तपासतो. तो थकला असेल तर त्याला बाद ठरवितो. थकलेल्या मुलाची तपासणी कोण करणार? ते काम दोर धरणाऱ्या वडीलधाऱ्या स्वाराचेच होय. मूल दमले की त्याला उतरवावे आणि त्याचे घोडे कोतल म्हणून न्यावे. दोर मनगटाला कदापि गुंडाळू नये. घोडे बुजले तर हात जायबंदी होतो. गेवराईतून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. तेथे अवजड वाहनांच्या वर्दळीत मुलांची दौड नेणे हा निव्वळ अविचार ठरेल.

दौडीचा वेग पुढच्या स्वाराच्या उत्साहाने नव्हे, तर मागच्या मुलाच्या दमाने ठरावा. उतरलेल्या मुलाला कमीपणा वाटू न देणे, हीच त्या शिक्षणाची खरी कसोटी आहे.