उपचार संपले, जबाबदारी नव्हे

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. गोमंतकातील आणि कोकणातील कितीतरी कुटुंबांनी आजवर कर्करोगाच्या उपचारांसाठी त्याची वाट धरली आहे. शेवटचा उपचार आटोपतो, डॉक्टर घरी जाण्यास सांगतात, देवापुढे नारळ फुटतो आणि घरात तो विषय कायमचा बंद होतो. आमच्या मते चूक होते ती नेमकी येथेच. उपचार संपणे आणि माणूस पूर्ववत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

थकवा कित्येक महिने रेंगाळतो. स्तनाच्या कर्करोगात काखेतील गाठी काढल्या असतील, तर तो हात काही वर्षांनंतरही सुजू शकतो. मुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्यांच्या तोंडाला कोरड पडते, जबडा आखडतो. पुढे दात काढण्याची वेळ आली, तर दंतवैद्यास त्या उपचारांची कल्पना देणे अगत्याचे असते. काही स्त्रियांना संप्रेरकविरोधी गोळ्या पाच वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ घ्याव्या लागतात. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडणे हा आत्मघात होय. तंबाखूकडे पुन्हा वळण्याविषयी तर बोलायलाच नको.

पथ्याच्या नावाखाली माणसाला खाटेवर बसवून ठेवण्याची आपली रीतही आता टाकली पाहिजे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या ८८९ रुग्णांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांनी तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम केला, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे ९० जण आठ वर्षांनंतर हयात होते. केवळ आरोग्यविषयक माहिती दिलेल्यांत हे प्रमाण ८३ होते. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने झेपेल तेवढे चालावे, हा त्यातला बोध.

कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही बऱ्या झालेल्या बाईचा पेला वेगळा ठेवला जातो, हळदीकुंकवाच्या बोलावण्यातून तिचे नाव गळते, मुलीची सोयरीक मोडेल या भयाने आजाराचा उच्चारही टाळला जातो. रोगाने घेतले नाही ते समाज हिरावून घेतो! याउलट अति कणवही तितकीच जाचक. चवथीची माटोळी बांधताना त्या माणसाला हाक मारावी, त्याचे काम त्याला परत द्यावे. औषधाइतकीच त्याला याचीही गरज असते.

रुग्णालयांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. कोणते उपचार झाले, तपासणीस कधी यावे, कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, हे सारे रुग्णाच्या भाषेत लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हाती पडावा. साध्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी व्हाव्यात, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला बांबोळीच्या किंवा मुंबईच्या खेपांपायी मजुरी गमवावी लागणार नाही. प्राण वाचविण्यासाठी एवढा खटाटोप आपण केला. वाचलेले आयुष्य जगण्याजोगे करणे हे त्या कार्याचेच उत्तरार्ध आहे.