एकादशी न करणे हे व्रत नव्हे

"नास्तिक म्हणवता, मग चकली कशी चालते तुम्हाला?" दिवाळीच्या दिवसांत हा प्रश्न आमच्या मराठवाड्यातल्या प्रत्येक नास्तिकाला निदान एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा मामा असतात, नाहीतर मेहुणे. हातात फराळाचे ताट असते आणि घरात हशा पिकतो. त्या हशाला आमची ना नाही. चकली भाजणीची असते, श्रद्धेची नव्हे. खाणाऱ्याचे मत विचारण्याची तिला सवय नाही. पण हशा ओसरला की हेच मेहुणे जरा गंभीर होतात आणि दुसरे वाक्य टाकतात. आमचे भांडण आहे ते त्या वाक्याशी. "शेवटी काय हो, नास्तिकपणा हाही एक धर्मच!"

वाक्य वरवर मोठे उदार दिसते. पंगतीत नास्तिकालाही एक पाट मांडून दिला, असा त्याचा आव असतो. परंतु एकादशी न करणे हेही एक व्रत, पंढरीला न जाणे हीही एक वारी, असे कोणी म्हटले तर नर्सी नामदेवचा साधा वारकरीसुद्धा हसेल. तेच नास्तिकाविषयी म्हटले की मात्र त्याला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा मिळते!

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मेहुण्यांच्या कोटीहून पुष्कळ वजनदार आहे. जैन आणि बौद्धही जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाहीत, मग ते धर्म कसे? याच हिंगोली जिल्ह्यात शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांचे मंदिर आहे. तिथे दर्शनाला येणारा श्रावक ही सृष्टी कोणा देवाने घडवली असे मानीत नाही, तरी तो धार्मिक आहे यात शंका नाही. अगदी बरोबर. पण त्याला धार्मिक कशाने म्हणायचे? त्याच्या व्रतांनी, त्याच्या ग्रंथांनी, त्याच्या संघाने, त्याच्या मोक्षमार्गाने. नुसत्या नकाराने त्याचा धर्म उभा राहिलेला नाही, आणि आमचे म्हणणे तरी दुसरे काय आहे? शिवाय आपल्या जुन्या शास्त्रकारांच्या लेखी नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आत आणि जैन-बौद्ध बाहेर, अशी त्यांची वाटणी होती. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला, आणि त्या घोटाळ्यावर आजही वादसभा रंगतात.

नास्तिकांतही काही मंडळी अशी असतात खरी, की ज्यांनी देव सोडला पण पोथी सोडली नाही. कुठल्यातरी विचारवंताचे पुस्तक पाठ करायचे आणि शंका काढणाऱ्याला वाळीत टाकायचे! त्यांना मेहुण्यांनी खुशाल धार्मिक म्हणावे, आम्ही मध्ये पडणार नाही. पण त्यांच्यावरून सगळ्यांना मोजू नये. नरहर कुरुंदकरांकडे पाहा. त्यांचे मूळ गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते, 1 मे 1999 पासून हिंगोलीत आले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते शिकवीत, पुढे तिथेच प्राचार्य झाले. आपण नास्तिक आहोत हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि मनुस्मृती असो की महाभारत, त्यावर असे लिहिले-बोलले की भाविकालाही ते टाळता येऊ नये. त्यांनी कोणाला दीक्षा दिली नाही, कोणाच्या गळ्यात माळ घातली नाही. 1982 साली ते गेले, तेव्हा मागे पुस्तके राहिली. पंथ राहिला नाही.

"बरे, म्हटले धर्म, तर बिघडते कुठे?" असे विचारणारे सज्जनही आहेत. त्यांत नास्तिकांचे हितचिंतकही भेटतात. धर्म म्हणा, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचे छत्र मिळेल, असा त्यांचा सल्ला. या हितचिंतकांनी राज्यघटनेचा 25 वा अनुच्छेद उघडून पाहावा. धर्म पाळण्याच्या आणि त्याचा प्रसार करण्याच्या हक्काआधी तिथे सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य लिहिलेले आहे. त्यासाठी धर्माचा दाखला जोडावा लागत नाही.

आणि बिघडते म्हणाल तर पुष्कळ बिघडते. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नाही. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात सामावले गेले. आता अशी कल्पना करा, की कळमनुरीच्या एखाद्या मातंग वस्तीतला मुलगा शिकला आणि शिकता शिकता त्याचा देवावरचा विश्वास उडाला. तो कोणताच धर्म मानीत नाही. म्हणजे वेगळाही मानीत नाही. पण नास्तिकपणा हाच एक धर्म ठरवला, की तो मुलगा त्याच क्षणी वेगळा धर्म मानणारा झाला! फराळाच्या ताटावरची एक कोटी, आणि तिच्यापायी त्या पोराची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातली जागा वादात सापडायची. शब्दांचे खेळ खेळणाऱ्यांना त्याचे काय!

सरकारी कागदांनी तर हा घोटाळा छापूनच ठेवला आहे. 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक सांगणारे देशात तेहतीस हजारांच्या आसपास भरले. त्यांतले साडेनऊ हजारांवर एकट्या महाराष्ट्रातले. ही संख्या कुठे सापडते म्हणाल? 'इतर धर्म व मते' या सदराच्या परिशिष्टात! आणि ज्यांचा धर्म नोंदलाच गेला नाही असे अठ्ठावीस लाखांहून अधिक लोक दुसऱ्याच रकान्यात.

न्यायालयांनी मात्र हे प्रकरण पुष्कळ सरळ हाताळले. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी संजय साळवे नावाच्या शिक्षकांनी हात जोडायला नकार दिला, आणि त्यांच्या पगाराचा हक्काचा लाभ अडला. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी सक्ती करता येणार नाही. दुसरा खटला याहून मासलेवाईक. रणजित मोहिते आणि आणखी दोघांनी राजपत्रात आपला धर्म 'नाही' असा छापा म्हणून अर्ज केला. शासकीय मुद्रणालयाने तो फेटाळला. हे तिघे देव न मानणारे असतील असे वाटेल, पण तसे नव्हते. येशूवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती; फक्त कोणत्याही धर्माचे म्हणून आपली गणना होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. 23 सप्टेंबर 2014 रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की आपला कोणताच धर्म नाही असे म्हणण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे आणि शासन कोणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. म्हणजे निधर्मीपणाचा हक्क या राज्यात भक्तांनी भांडून मिळवला, आणि आयते फळ नास्तिकांच्या पदरात पडले. हे नास्तिकांनीही विसरू नये.

याहून जुने उदाहरण घटना समितीचे. 17 ऑक्टोबर 1949 रोजी उद्देशिकेच्या आरंभी ईश्वराचे नाव घालावे अशी सूचना हरि विष्णू कामथांनी मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. ते 68 जण काही पाखंडी नव्हते. ज्याचा विश्वास नाही त्याच्यावर सक्ती नको, एवढे त्यांतल्या भाविकांनाही कळत होते.

आणि आमच्या औंढा नागनाथाची आख्यायिका तर घराघरांत सांगतात. विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिथे ठेवावे तिथे लिंग प्रकटे. गोष्टीतले नामदेव चकित झाले, मग शिष्य झाले. भावना दुखावल्या म्हणून त्यांनी पोलीस ठाणे गाठले नाही. आज कोणी तसे निजून पाहावे! नास्तिकाचे तोंड बंद करायला निघालेल्या मंडळींनी औंढ्याला जाऊन कोणाचे दर्शन घेतले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

1 मार्च 2027 ही तारीख धरून आता पुढची जनगणना व्हायची आहे. गणक दारात येईल, धर्माचा प्रश्न विचारील, आणि घरातले कर्ते पुरुष सवयीने सगळ्या घराचा धर्म एका दमात सांगून मोकळे होतील. वाचकहो, तुमच्या घरी तसे होऊ देऊ नका. आजीला विचारा, ती हिंदू म्हणेल, बौद्ध म्हणेल, मुसलमान म्हणेल, ते लिहा. मग कॉलेजात जाणाऱ्या नातीला विचारा. ती 'धर्म नाही' म्हणाली तर तेही तिच्या नावापुढे तसेच लिहायला सांगा, आणि मेहुण्यांना तेवढा वेळ चकल्यांच्या डब्याजवळ बसवा.