रात्रपाळी पोरींना का नाही?



हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाकडे वळते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने आमच्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते. देहू-पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली असे मानतात. तेव्हापासून ती चालूनचालून मळलेली आहे. २०२१ मध्ये पालखी महामार्गाची पायाभरणी झाली, त्यात चालणाऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र वाट धरलेली आहे. पण तुकोबांच्या मार्गावर हे काम पाटसपासून पुढचे. लोणीत माणसे आणि ट्रक एकाच रस्त्यावर.

ही वाट राखायला राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं-मुली येतात. वर्षाला १२० तासांचे काम, वर सात दिवसांचे शिबिर. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' हे त्यांचे ब्रीद (बायकांना ते वेगळे शिकवावे लागत नाही!). निर्मल वारीत ही पोरे फिरत्या शौचालयांपाशी उभी राहतात, लोकांना तिकडे वळवतात, पालखी पुढे गेल्यावर पत्रावळ्या आणि प्लास्टिक वेचतात.

अशाच एका महाविद्यालयाच्या गटाची बैठक मी पालखीआधी घेतली. भिंतीवर कामवाटपाचा कागद होता. फावडी, खड्डे बुजवणे, रात्रपाळी : मुलगे. रांगोळी, चहा, नोंदवही : मुली. एक शेतकऱ्याची पोर उठून म्हणाली, "ताई, लाइट रात्री येते म्हणून घरी मी बाराला मोटर चालू करायला जाते. तेव्हा कुणी अडवत नाही. इथं कसली भीती?" सर म्हणाले, "जबाबदारी कोण घेणार?"

प्रश्न खोटा नाही. आईबापांचा फोन सरांनाच येतो. पण त्याचे उत्तर म्हणून मुलींना घरी पाठवले की त्याची किंमत वारीतल्या बायका मोजतात. बायका शौचाला जातात त्या अंधारात, पहाटे तीन-चारला, गर्दी उठायच्या आत. नेमक्या त्या वेळी बायकांच्या रांगेपाशी मुलगे उभे. मग बायका रांग सोडून उसाच्या कडेला जातात, आणि आपण म्हणतो, यांना सवयच नाही.

आम्ही दोघी कार्यकर्त्या सोबत थांबू, असे लिहून दिले तेव्हा सहा जणींना परवानगी मिळाली. त्या रात्री त्यांनी जे पाहिले ते कुठल्याच अहवालात आले नसते. दोन दारांना आतून कडी नव्हती. दिवा मुलग्यांच्या बाजूला होता. एक आजी दुपारपासून पाणी प्यायल्या नव्हत्या, 'उगाच जावं लागतं' म्हणून. पाळी आलेल्या एकीला घडी टाकायला जागा नव्हती. राज्य महिला आयोगाने २०२२ पासून 'आरोग्यवारी'त पॅडची आणि ती जाळण्याची यंत्रे आणली, ते चांगलेच झाले. पण यंत्र कुठे आहे हे त्या बाईला अंधारात सांगायला कोणी तरी बाईच हवी. पोरींनी कड्यांच्या जागी सुतळी बांधली, दिवा हलवला.

अमेरिकेत १९५५ मध्ये एलिझाबेथ कुशमन या विद्यार्थिनीने प्रबंधात मांडले, की राष्ट्रीय उद्यानांच्या देखभालीला विद्यार्थी स्वयंसेवक घ्यावेत. १९५७ मध्ये पहिली तुकडी कामाला लागली. तिथल्या डोंगरवाटा आजही अशी पोरे दुरुस्त करतात. कल्पना एका मुलीची होती, हे आमच्या सहा जणींना सांगितले तेव्हा त्या खूष झाल्या.

आणखी एक. पोरे दोन दिवस झाडतात, त्यांचे फोटो येतात. तिसऱ्या दिवसापासून तोच रस्ता सफाई कामगार बायका झाडतात. हातमोजे पोरांना मिळाले, त्यांना नाही. पोरींनीच हे विचारले, आणि उरलेले मोजे नेऊन दिले.

यंदा आम्ही महाविद्यालयाकडे लेखी मागणी केली आहे : रात्रपाळीत निम्म्या मुली, सोबत दोन शिक्षिका, आणि पालकांची बैठक आधी. तुमच्या गावी पालखीचा मुक्काम असेल तर तिथे रात्री कोण उभे असते, ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.