पुरस्कार आणि पूर्वसूरी

कुपवाडकरांस शेजारचें मिरज सांगावयास नकोच. संगीत नाटक अकादमीचे राष्ट्रीय पुरस्कार १९५२ सालीं सुरू झाले. परंतु मिरजेस राहून किराणा गायकीला रूप देणारे अब्दुल करीम खाँ १९३७ सालींच निवर्तले होते. त्यांच्या, मिरजेंतच जन्मलेल्या, कन्या हिराबाई बडोदेकर ह्यांना हा मान १९६५ सालीं लाभला. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व १९५२ सालींच वारले. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगळ १९७३ सालीं, तर शिष्य भीमसेन जोशी १९७५ सालीं सन्मानित झाले. गुरूंची विद्या अशी शिष्यांच्या रूपानें गौरविली गेली, गुरु मात्र तें पाहावयास उरले नाहींत. तेव्हां आपल्या मुलांस गाणें शिकविणाऱ्या गुरुजींचा सत्कार, दिल्लीच्या बोलावण्याची वाट न पाहतां, घरच्या माणसांनीं आजच करावा, हें बरें.