टाकी मोठी, नळ बारीक

लग्नसराईत कर्जत-खालापूरची फार्महाऊसं गजबजतात. तीन कॅमेरे, एक ड्रोन, हळदीपासून पाठवणीपर्यंत चित्रण. मग नेरळ-खोपोलीच्या एखाद्या गाळ्यात दोन-तीन एडिटर बसतात आणि दुसरी वरात निघते, हार्डडिस्कची. एकाच्या मशीनची काढायची, दुसऱ्याला लावायची. कॉपी होईतो चहा. एका डिस्कवर मार्करने ‘हळद फायनल’, शेजारच्या डिस्कवर ‘हळद फायनल नवीन’. त्यातलं खरं कुठलं, हे ज्या पोराला ठाऊक, तो नेमका सुट्टीवर.

कॅमेऱ्याला पैसा निघतो, ड्रोनला हप्ता निघतो. साठवणीला मात्र वाली नाही. सगळ्यांचं फुटेज एका सर्व्हरवर ठेवून जाळ्यातून वापरायचा थाट नितीन देसाईंनी २००५ साली इथेच उभारलेल्या एन. डी. स्टुडिओसारख्या मोठ्यांचा, अशी समजूत. हिशेब मांडला की ती टिकत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटने टिपलेलं फोर के फुटेज म्हणजे साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. साध्या गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वाहतात. एकाने चार कॅमेरे एकदम टाइमलाइनवर घेतले तरी पन्नासच लागतात. दोघे एडिटर त्यात मावतात. प्रोरेस ४२२ एचक्यूचं काम असेल, तर २५ फ्रेमचं एकच फोर के फुटेज ९२ मेगाबाइट खातं. तिथे दहा गिगाबिटची कार्डं घ्या, नाहीतर आधी फुटेजच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करा आणि मूळ फुटेज शेवटच्या रेंडरला जोडा.

बाकी लागतं ते बाजारात मिळतं: धडधाकट जुना पीसी, चार डिस्क, ट्रूनॅससारखी मोफत प्रणाली, एक स्विच आणि कॅट ६ केबल. केबल मात्र हवीच; का, ते खोपोलीत दिसतं. तिथलं वीजघर १९१५ साली सुरू झालं. घाटावरच्या तलावांत साठवलेलं पाणी जाड नळांतून खाली उतरतं आणि टर्बाइन फिरतात. तलाव केवढाही असो, टर्बाइनला मिळतं ते नळातून येईल तेवढंच. महागड्या डिस्क घेऊन त्या वायफायवर चालवणाऱ्याने एकदा ते नळ पाहून यावं.

चार डिस्क रेड पद्धतीने जोडल्या म्हणजे बॅकअप झाला, हीसुद्धा भाबडी समजूत. एखादी डिस्क गेली तर काम थांबत नाही, एवढाच रेडचा उपयोग. चुकून फोल्डर उडवलं तर ते चारही डिस्कवरून एकदम उडतं. म्हणून एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक गाळ्याबाहेर. उल्हास नदीकाठच्या गावांना २६ जुलै २००५च्या महापुरानंतर याचं कारण समजावायला नको. शिवाय यूपीएस, कारण पावसाळ्यात वीज विचारून जात नाही.

लग्न पुन्हा लावून चित्रण करता येत नाही. तेव्हा पुढच्या हंगामात नवी लेन्स घेण्याआधी गाळ्यातल्या तारा ओढून घ्या. तो पोरगा सुट्टीवर असतानाही खरं ‘फायनल’ सापडलं, तर स्टुडिओ झाला म्हणायचं. तोवर तो डिस्कांचा माळाच.