परतीचा परवाना

घोडेगावहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंभे धरणाचा जलाशय मागे पडला की काही वेळाने तळेघर लागते. भातखाचरे, हिरड्याची झाडे, आश्रमशाळांत शिकून पुढे मंचरला किंवा पुण्याला जाणारी मुले, असा हा आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग. परराष्ट्रीय प्रवासाच्या कागदपत्रांची चर्चा तळेघरापासून सुरू करण्यात वाचकांस कदाचित विक्षेप वाटेल. परंतु या रस्त्याने आता दोन प्रकारचे विद्यार्थी जाऊ-येऊ लागले आहेत. पावसाळ्यात भीमाशंकरचे जंगल पाहावयास येणाऱ्या पुण्याच्या महाविद्यालयीन तरुणांत परदेशी विद्यार्थीही असतात. आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकार दरवर्षी ज्या २० परदेशी शिष्यवृत्त्या देते, त्यांची स्वप्ने पाहण्याचा हक्क या डोंगराळ गावांतील मुलांनाही पोहोचला आहे. येणारा आणि जाणारा, दोघांनाही एकच प्रश्न भेडसावतो, आणि तो प्रवेशाचा नाही. मध्येच घरी जावे लागले तर परत येऊ देतील काय, हा तो प्रश्न होय.

सामान्य माणसाची समजूत अशी असते की, एकदा पारपत्र झाले, व्हिसा मिळाला, विद्यापीठात नाव दाखल झाले की मुलगा मार्गी लागला. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ, कारण २०२४-२५ या वर्षी तेथील विद्यापीठांत भारताचे ३ लाख ६३ हजार विद्यार्थी होते. पारपत्रावर चिकटविलेला व्हिसा हा फक्त दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. आत आल्यावर राहण्याचा अधिकार त्या व्हिशावर अवलंबून नसतो. तो विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या पत्रावर आणि सरकारी संगणकात त्या विद्यार्थ्याच्या नावे असलेल्या नोंदीवर अवलंबून असतो. म्हणून व्हिशाची मुदत संपली तरी शिक्षण चालू असेपर्यंत विद्यार्थी तेथे अगदी कायदेशीरपणे राहू शकतो. मात्र तो देशाबाहेर पडला की, त्याच दाराशी त्याला पुन्हा पहिल्या दिवसाप्रमाणे उभे राहावे लागते. आय-२० वर प्रवासासाठी विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही हवी, ती शिकत असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत वर्षाच्या आतील हवी. व्हिसा संपला असेल तर नवा हवा. आणि तो मिळालाच तरी विमानतळावरील अधिकाऱ्याचे समाधान व्हावयास हवे. राहण्याचा अधिकार आणि परतण्याचा अधिकार ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यात शिल्लक असली म्हणजे दुसऱ्यात असतेच, असे नव्हे.

२०२५ साली या दुसऱ्या खात्याला मोठीच गळती लागली. त्या वर्षीच्या वसंतऋतूत अमेरिकन सरकारने चार हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाएकी रद्द केल्या. कित्येकांच्या बाबतीत कारण काय, तर पोलिसी दप्तरातील एखादी जुनी, किरकोळ नोंद. विद्यार्थी न्यायालयांत गेले आणि २५ एप्रिल रोजी नोंदी पूर्ववत करण्याची घोषणा सरकारला करावी लागली. परंतु ज्यांचे व्हिसेही रद्द झाले होते त्यांना ते आपोआप परत मिळाले असे नाही. म्हणजे तेथे बसून शिका, पण बाहेर पाऊल टाकाल तर नव्याने अर्ज करा, अशी त्यांची अवस्था झाली. २७ मे रोजी नव्या विद्यार्थी-व्हिशांच्या मुलाखती ठरविणे जगभर थांबविण्यात आले. १८ जून रोजी ते सुरू झाले, ते अर्जदाराने समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांस खुली करावीत, या अटीवर. सप्टेंबरच्या आरंभी मुलाखतीवाचून नूतनीकरण करून घेण्याची सवलत बहुतेकांच्या बाबतीत काढून घेण्यात आली आणि आपल्या स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा असे सांगण्यात आले. शिक्षण चालू असेपर्यंत राहू देण्याची जुनी पद्धती मोडून कमाल चार वर्षांची मुदत घालण्याचा प्रस्तावही त्याच ऑगस्टमध्ये पुढे आला. अनेक विद्यापीठांनी आपल्या परदेशी विद्यार्थ्यांना त्या उन्हाळ्यात सल्ला दिला तो एकच: निकड नसेल तर देश सोडू नका.

निकड म्हणजे काय? समजा, तळेघरच्या परिसरातील एखादा मुलगा शिष्यवृत्तीवर संशोधन करीत आहे, त्याचा व्हिसा मुदतबाह्य झाला आहे आणि प्रबंधाचे शेवटचे वर्ष चालू आहे. रात्री घरून निरोप जातो की, वडिलांचे काही खरे नाही. त्याने काय करावे? तो निघाला तर अंत्यदर्शन घडेलही; परंतु त्यानंतर मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीची तारीख, तपासणी आणि तिचा निकाल यांपैकी एकही गोष्ट त्याच्या हाती नाही. शिष्यवृत्तीची मुदत मात्र थांबत नाही. अशा वेळी निर्णय मुलगा घेत नाही, घरचेच घेतात. आईच त्याला सांगते, "तू येऊ नकोस, आम्ही सगळं करतो." पुण्यात आणि मुंबईत अशी घरे आम्हांस ठाऊक आहेत की, जेथे दहाव्याचे विधी दूरध्वनीच्या पडद्यावर पाहून मुलाने परदेशी खोलीत एकट्याने हात जोडले. यास कोणी सक्ती म्हणणार नाही. कायद्याने त्याला अडविलेले नाही. कायद्याने फक्त घरी जाण्याची किंमत इतकी चढवून ठेविली आहे की, ती देण्यास कोणी धजू नये.

आणि गंमत पाहा! याच अमेरिकन नियमांत एक जुनी तरतूद अशी आहे की, मुदत संपलेला व्हिसा असलेला विद्यार्थी तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोस जाऊन परत येऊ शकतो; त्याची नोंद शाबूत असली म्हणजे बहुतेक प्रसंगी नव्या व्हिशाची गरज पडत नाही. म्हणजे नायगाराचा धबधबा पलीकडच्या तीरावरून पाहून यावयाचा असेल तर मार्ग मोकळा. पित्याला अग्नी देऊन यावयाचे असेल तर मुलाखत! ज्या विद्यार्थ्याची पूर्ण माहिती आपल्या दप्तरी आहे, जो थोड्या दिवसांसाठी बाहेर गेला आहे, त्याच्यावर पुन्हा संशय घेण्याचे कारण नाही, हे तत्त्व त्या सरकारने स्वतःच मान्य केलेले आहे. प्रश्न उरतो तो अंतराचा.

आमच्या समाजाला परतीच्या परवान्याचा अनुभव नवा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाहेर जाण्यास पारपत्र लागत नसे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या त्या व्हिशावाचून. त्या काळी परवाना लागे तो परत येताना, आणि तो देणारे खाते सरकारी नव्हते. विलायतेहून आलेल्याने पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त केल्याखेरीज त्यास पंगतीत बसू द्यावयाचे की नाही, यावर या महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद झाले. पहिल्या महायुद्धात सरकारे सावध झाली, पारपत्राची सक्ती आली आणि १९२० साली हिंदुस्थानात प्रवेश करण्यासंबंधीचा पारपत्राचा कायदा झाला. त्याच संधिकालात डॉ. आंबेडकरांचे शिक्षण घडत होते. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले. पुढल्याच वर्षी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली होती. मुंबईत नोकरी करून, पैसे साठवून, काही उसने घेऊन आणि शाहू महाराजांचे साहाय्य मिळवून १९२० साली ते लंडनला पोहोचले, आणि १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्या जागेचा शब्द विद्यापीठाने दिला होता आणि तो तीन वर्षांनी खरा ठरला. आज कोणत्याही विद्यापीठाला असा शब्द देता येईल काय? विद्यापीठ जागा राखील; दार त्याच्या हाती नाही.

चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या वीस हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थ्यांनी हे भोगले. २०२० च्या आरंभी साथीमुळे ते घरी आले आणि २०२२ च्या ऑगस्टअखेर चीनने विद्यार्थी-व्हिसे पुन्हा देण्यास आरंभ करीपर्यंत घरीच अडकले. शवविच्छेदन आणि रुग्णतपासणी संगणकाच्या पडद्यावर शिकावयाची, अशी ती अडीच वर्षे होती.

येथपर्यंत वाचकांची मान आमच्याशी डोलत असेल. आता आपल्या अंगणात पाहू. पुणे हे परदेशी विद्यार्थ्यांचे जुने माहेरघर. इराणी, अफगाण, आफ्रिकी, येमेनी तरुण येथे पिढ्यान्पिढ्या शिकत आले आहेत. २०२० साली महाविद्यालये बंद झाली तेव्हा अनेक अफगाण विद्यार्थी काबूल, हेरातकडे परतले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. २५ ऑगस्टला भारत सरकारने जाहीर केले की, भारताबाहेर असलेल्या सर्व अफगाण नागरिकांचे पूर्वीचे व्हिसे तत्काळ रद्द समजावेत; काही पारपत्रे गहाळ झाल्याच्या वार्ता असल्यामुळे नव्या विजाणू-व्हिशासाठी अर्ज करावा. सावधगिरीचे कारण खोटे नव्हते. परंतु गहाळ पारपत्रांच्या संशयात ते विद्यार्थीही सापडले, ज्यांची नावे, छायाचित्रे, गुणपत्रिका आणि पत्ते पुण्याच्या महाविद्यालयांच्या व पोलीस आयुक्तालयाच्या दप्तरी वर्षानुवर्षे पडून होती. भारतात होते त्यांना मुदतवाढ मिळू शकली. सुटीत घरी गेलेले बाहेर राहिले. केवळ घरी जाण्याचा अपराध! विद्यार्थ्यांसह निरनिराळ्या वर्गांसाठी व्हिशाची नवी व्यवस्था येण्यास २०२५ चा एप्रिल उजाडावा लागला. दरम्यान, डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारे बंद केली होती. ज्या मुलींचे नाव पुण्यातील पटावर होते त्यांच्या बाबतीत परतीचा एक कागद म्हणजे सर्व शिक्षणच होते.

नेहमीच्या काळातील कारभारही काही फार सुखाचा नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिशावर आलेल्याने चौदा दिवसांत नोंदणी करावयाची. मुदतवाढीसाठी महाविद्यालयाचा दाखला आणि राहत्या जागेचा पुरावा द्यावयाचा. हा पुरावा म्हणजे भाडेकरार, आणि परदेशी भाडेकरू म्हटला की घरमालक काय करतात हे पुणेकरांस सांगावयास नको. एकदाच प्रवेशाची मुभा असलेल्याला घरी जाण्यापूर्वी परतीचा व्हिसा स्वतंत्रपणे मागावा लागतो. तिबेटी विद्यार्थ्यांची कथा आणखी निराळी. त्यांच्या पिवळ्या ओळखपुस्तिकेवर 'भारतात परत येण्यास हरकत नाही' असा शिक्का नसेल तर परदेशी वकिलातीही त्यांना दारात उभे करीत नाहीत. जन्म भारतात झालेल्यालाही, परत येण्यास हरकत नाही हे कोणीतरी लिहून द्यावे लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परकीय नागरिक कायदा अमलात आला आणि १९२०, १९३९ व १९४६ चे जुने कायदे गेले. पारपत्राशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, मुदतीहून अधिक राहिल्यास तीन वर्षांपर्यंत. विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवावयाची, आसरा देणाऱ्याने पाहुण्याची. म्हणजे भीमाशंकरच्या वाटेवर एखाद्या परदेशी विद्यार्थ्यास रात्रीपुरती खोली देणारा तळेघरचा गृहस्थही या यंत्रणेचा भाग होतो. अशी इतकी माहिती सरकार जमविते, ते योग्यच आहे असे क्षणभर धरू. मग तीच माहिती विद्यार्थ्याच्या बाजूने का वापरू नये?

आम्ही काही काळ शाळेत शिकविले आहे. घरी कोणी आजारी असल्याचा निरोप आला की मुलाला सोडावयाचे, त्याचे नाव पटावर ठेवावयाचे आणि परत आल्यावर बुडालेले धडे शिकवावयाचे, यासाठी कोणा शिक्षकास नियमावली चाळावी लागत नसे. राष्ट्र म्हणजे शाळा नव्हे, हे आम्ही जाणतो. सीमेवरील तपासणी हा प्रत्येक राज्याचा अधिकार आहे आणि विद्यार्थ्याच्या नावाखाली भलतेच उद्योग करणारे असतात, हेही खरे. परंतु ज्याची पुरती तपासणी झालेली आहे, ज्याचा अभ्यासक्रम चालू आहे, त्याने ठरावीक दिवसांत परत यावे व त्याच कागदांवर यावे, एवढी सवलत दिल्याने कोणते राज्य बुडेल? अमेरिकेने कॅनडासाठी ती दिलेलीच आहे. दिल्लीने वॉशिंग्टनशी व्यापाराच्या वाटाघाटी करताना हाही विषय मेजावर ठेवावा. शुल्कापोटी तेथे भरलेला पैसा बहुतांशी मध्यमवर्गाच्या कर्जाचा आहे.

तसे मागण्यापूर्वी आपले दप्तर नीट केलेले बरे. परतीच्या व्हिशाच्या अर्जावर किती दिवसांत निकाल द्यावयाचा याची मुदत बांधलेली असावी आणि मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तेव्हा ती तासांत मोजावी. एखाद्या देशाचे व्हिसे सरसकट रद्द करण्याची वेळ पुन्हा आलीच, तर पटावर नाव असलेल्या विद्यार्थ्यांची यादी विद्यापीठाकडून आधी मागवावी, त्यांना वगळावे आणि शंका असेल त्याचीच वेगळी चौकशी करावी. आणि विद्यापीठाने व शहरातील महाविद्यालयांनी २०२१-२२ चे हजेरीपट एकदा बाहेर काढावेत. त्यांत ज्या अफगाण विद्यार्थ्यांच्या नावापुढे महिनोन् महिने गैरहजेरी मांडलेली आहे, त्यांपैकी किती जण परतले, किती जणांच्या पदव्या अर्ध्यावर राहिल्या आणि त्यांपैकी आजही कोणाला परीक्षेस बसविता येईल, याचा हिशेब मांडून तो जाहीर करावा.